डावी मुरड

"मोलिझे? ते तर नाहीच आहे मुळी!" फेदेरिका म्हणाली आणि खुदकन हसली. टेबलापलीकडे बसलेल्या सिन्योरा गालिंबेर्तीही हसल्या. आणि सांगायला लाज वाटते, मीही हसलो. तीस वर्षांत हा विनोद मी दोनशे वेळा तरी ऐकला असेल. न्हाव्याकडे, ट्रॅममध्ये, टीव्हीवर, बायकोच्या माहेरी जेवायला बसलो असताना. आब्रुत्सोच्या खाली आणि पुल्याच्या वर तळहाताएवढी जागा आहे, तिथे म्हणे कुणी राहत नाही, तिथून कुणी आलेलं नाही, तो प्रांत सरकारने उगाच कागदावर काढून ठेवलाय. दर वेळी मी हसतो. ओठांना आता सांगावं लागत नाही, ते आपले आपण हसतात. पण त्या दिवशी, मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी, हसू अर्ध्यावर अडकलं. बाईंनी विचारलं होतं ते अगदी साधं. रोम झालं, व्हेनिस झालं, तोस्काना दोनदा झालं. नवऱ्याचे गुडघे चालतायत तोवर, जिथे कुणीच जात नाही असं काही इटलीत उरलंय का? फेदेरिका, आमच्या ट्रॅव्हल कंपनीतली, सव्वीस वर्षांची, मिलानबाहेर गेली ती फक्त समुद्राला, तिने आपला नेहमीचा विनोद टाकला. तिचा काय दोष! अडकण्याचं कारण वेगळंच होतं. हसता हसता बाईंनी टेबलावरून काहीतरी उचललं होतं आणि त्या ते बोटांत फिरवत होत्या. ते माझं फूल होतं.

फूल म्हणजे चॉकलेटच्या वेष्टणाचं. माझ्या बोटांना ही खोड आहे. ट्रॅमचं तिकीट, साखरेची पुडी, पेपर नॅपकिन, काहीही हाताला लागलं की बोटं त्याची पाकळी करतात, पाकळीवर पाकळी येते, खालून अंगठा एक मुरड देतो आणि फूल उभं राहतं. मला कळतसुद्धा नाही. सफाईवाली रोज माझ्या टेबलावरून पाच-सहा फुलं गोळा करून कचऱ्यात टाकते. "किती सुरेख!" बाई म्हणाल्या. "कुठे शिकलात हो हे?" मी म्हणालो, "कुठे नाही. असाच चाळा आपला." "तुम्ही कुठले?" मी म्हणालो, "नेपल्सच्या बाजूचा." हे उत्तरही ओठांना पाठ आहे. आमच्या गावाहून नेपल्स गाठायचं तर बसने दोन घाट उतरावे लागतात आणि आमच्यातले निम्मे लोक नेपल्सला फक्त इस्पितळात जायचे. पण नेपल्स म्हटलं की पुढे प्रश्न येत नाहीत. मोलिझे म्हटलं की आधी हशा येतो, मग "म्हणजे नक्की कुठे?" येतं, मग "म्हणजे आब्रुत्सोच ना?" येतं. मी या प्रांतापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. आम्हाला आब्रुत्सोपासून वेगळं काढलं तेव्हा मी तातांच्या खांद्यावर होतो, आमच्याकडे बापाला ताता म्हणतात, आणि म्हणे त्या दिवशी गावात घंटा वाजत होत्या. म्हणजे तो जन्मला तेव्हा मी हजर होतो. आणि तो नाहीच म्हटल्यावर हसणाराही मीच.

बाई गेल्या, "विचार करते" म्हणाल्या, फूल पर्समध्ये घालून घेऊन गेल्या. मी बसल्या जागी दुसरं करायला लागलो होतो. या वेळी मात्र मी बोटांकडे बघितलं. अंगठा डावीकडे वळत होता. मोंतेपार्दो गावात कुणीही माझं फूल हातात घेऊन सांगेल की हे मिकेले द'आलोइसिओच्या घरचं. बाकी सगळी घरं उजवीकडे मुरड देतात. आमच्या पणजोबांचा उजवा अंगठा गव्हाच्या कापणीत विळ्याने गेला, त्यांनी डाव्या हाताने फुलं करायला घेतली, मुलांनी त्यांचं बघून तशीच उचलली, आणि धडधाकट अंगठे असलेल्या चार पिढ्या डावीच मुरड देत आल्या. मे महिन्यात संत पार्दोच्या उत्सवाला गावातल्या बासष्ट घरांच्या बासष्ट बैलगाड्या निघतात, वर कमानी, कमानींवर पांढरी कापडं, आणि कापड दिसू नये इतकी कागदाची फुलं. हिवाळाभर घराघरात तेवढंच काम. बाईमाणूस, बाप्यामाणूस, कुणाची सुटका नाही. चुलीपाशी ताता बसायचे, पुढ्यात रंगीत कागदांचा ढीग, तोंडाने माझा पाढा घेणं चालू आणि हाताने फुलं. पाढा चुकला तर काही नाही. मुरड चुकली की टपली. "हे काय? हे सोळा नंबरवाल्यांना नेऊन दे, त्यांचं दिसतंय."

आमचा नंबर चौदा. नंबर कुणी दिला, कधी दिला, ठाऊक नाही, पण तो घराचा असतो, जमिनीपेक्षा जास्त घराचा. नियम दोनच. फुलं त्या वर्षीची आणि घरच्या हातची पाहिजेत. आणि बैलांच्या पुढे पराणी, म्हणजे बैल हाकायची काठी, घेऊन घरचंच माणूस चालायला हवं. एक वर्ष खाडा पडला की नंबर गेला, मागचे सगळे एकेक पुढे सरकतात आणि तुम्ही जाऊन उभे राहता बासष्टच्या मागे, काल आल्यासारखे. गाडी चर्चच्या दाराशी पोचली की म्हातारा घंटावाला आडवा येतो आणि विचारतो, "कुणाची गाडी?" त्याला माहीत असतं. सगळ्या गावाला माहीत असतं. तरी विचारतो, आणि पराणीवाल्याने आपलं नाव, बापाचं नाव आणि गावाचं नाव मोठ्याने सांगायचं, मग तो बाजूला होतो. ताता सांगायचे तेव्हा आवाज चौकापलीकडच्या बेकरीत ऐकू जायचा. मी लहानपणी त्यांच्यामागे बैलाचा कासरा धरून उभा असायचो आणि छाती अशी काही फुगायची की सदऱ्याच्या गुंड्या ताणायच्या. खोटं कशाला बोलू, जगात तेवढं एकच वाक्य आहे असं मला वाटायचं.

आणि त्याच घरात मी अकरा वर्षांपूर्वी दुकानातली फुलं पाठवली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला या शहरात कुणाला त्यातलं काय कळणार म्हणा. तोवर दर वर्षी माझी शंभर फुलं इथून पार्सलने जायची. त्या वर्षी ओर्नेल्ला, माझी बायको, घर सोडून गेली होती, मला कशाचंच भान नव्हतं, एप्रिल संपत आला आणि एकही फूल झालं नव्हतं. पण तेही निमित्तच. खरं कारण असं की दुकानाच्या काचेत ती मला आवडली. रेशमी, इटुकल्या दवबिंदूंसकट, एकसारखी एक. वाटलं, गावालाही कळू दे मिलान काय चीज आहे. चार खोकी पाठवली. नियम ठाऊक असताना. तातांनी खोकी उघडली, एक फूल हातात घेतलं, परत ठेवलं, झाकण लावलं. घरात हातची फुलं पुरेशी नव्हती. त्या वर्षी चौदा नंबरची गाडी नुसत्या पांढऱ्या कापडावर निघाली, वर हाताची चाळीस-पन्नास फुलं, दात पडलेल्या तोंडासारखी. लोकांनी विचारलं, "मिकेले, हे काय?" ताता म्हणाले, "या वर्षी आमची फुलं मिलानला राहिली." बस, एवढंच. मला एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही फोनवर हवामान बोलतो. पाऊस आहे का? आहे. ऑलिव्ह कसे आहेत? बरे आहेत. माझी फुलं घरात पुन्हा कुणी मागितली नाहीत. आणि माझी बोटं तेव्हापासून दिवसभर कचऱ्यात टाकायची फुलं करतायत.

त्याच संध्याकाळी लिबेराचा फोन आला. माझी थोरली बहीण, चौसष्ट वर्षांची, आवाज अजून बाजारात भाव करतेय असा. "पार्दू, बसलायस का उभा आहेस?" बसलोय म्हटलं. "ताता पडले. घाबरू नकोस, जिवंत आहेत, शिव्या देतायत. खुब्याचं हाड. डॉक्टर म्हणतो आता काठीशिवाय चालणं नाही." मला पहिल्यांदा काय सुचावं? म्हणालो, "मग गाडी?"  ती म्हणाली, "चला, एवढं तरी आठवतंय तुला! गाडीचंच म्हणतेय. मी लग्न करून एकतिसाव्या नंबरच्या घरात आले, मला पराणी धरता येत नाही. पणजोबांपासून आजवर खाडा नाही. तू एकटाच उरलास रे मेल्या." मी म्हणालो, "येतो. सुट्टी काढतो, येतो." "थांब," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला. "ताता म्हणतात, गेला तर नंबर जाऊ दे. दुकानदार माझ्या गाडीपुढे नको."  भिंतीपलीकडून शेजाऱ्यांच्या टीव्हीचा आवाज येत होता. "खूप भांडले त्यांच्याशी," लिबेरा म्हणाली. "शेवटी एवढं कबूल केलंय, त्याला म्हणावं, चारशे फुलं कर. घेऊन ये. मी बघेन. मग ठरवेन. आता शहाणपणा करू नकोस, साधा क्रेप कागद आण, लाल-पिवळा, जसा सगळे आणतात तसा."

शहाणपणा मी केलाच. आमच्या कंपनीने त्याच महिन्यात ठरवलं की आता ब्रोशर बंद, सगळं स्क्रीनवर. मागच्या खोलीत तीस वर्षांची रद्दी छतापर्यंत होती. फेदेरिका गठ्ठे ओढून बाहेर काढत होती, व्हेनिस, फ्लॉरेन्स, चिंक्वे तेर्रे, आमाल्फी. निळंशार पाणी, केशरी घुमट, पोपटी डोंगर. सगळं मी विकलेलं. एकेक जागा मी अशी रंगवून सांगायचो की लोक माझ्यासमोर डोळे मिटायचे, आणि त्यातल्या एकाही ठिकाणी माझं कुणी नव्हतं. मी एक गठ्ठा घरी नेला. मग दुसरा. तो कागद म्हणजे चिवट, गुळगुळीत, कुठे वळायचं नाव घेईना. पहिली साठ फुलं उमलण्याऐवजी फटाफट उलगडून सरळ झाली. मग मला सुचलं. कागदाला आधी वाफ द्यायची, मग दोन तळव्यांमध्ये चोळायचा, चोळून चोळून त्याची चमक मोडायची, आणि मग अंगठा. अंगठ्याला घट्टा पडला. ऑफिसात फेदेरिका म्हणायची, "लिनो, हाताला काय झालं?" तिथे मी लिनो आहे. पार्दो नाव ऐकलं की लोक पुन्हा विचारतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी ते पेटीत घालून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी दिवा लावून बसायचो. आणि बोटं चालायला लागली की मागचं सगळं यायचं: चुलीचा धूर, बैलांच्या अंगाचा वास, तातांचा "सात आठे?" हा प्रश्न. बासष्ट वर्षांचा बाप्या, मी एकट्याने मोठ्याने उत्तर द्यायचो, "छप्पन्न." पण मध्येच हात थांबायचा. समजा तातांनी हा कागद बघितला. छापील, मिलानचा, पुन्हा मिलानचा! त्यांना वाटेल याने परत तेच केलं. क्रेपचा गठ्ठा कोपऱ्यातल्या दुकानात मिळत होता, जाऊन आणायला पाच मिनिटं. मी गेलो नाही. का गेलो नाही, नीट सांगता येत नाही. क्रेपची फुलं कुणीही केली असती. माझी तीस वर्षं या कागदात होती, ती मला गाडीवर पाहिजे होती.

सिन्योरा गालिंबेर्ती एप्रिलमध्ये परत आल्या. "काही सुचलं का?" म्हणाल्या. फेदेरिका तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणालो, "मोलिझे." दोघीही हसायच्या बेतात होत्या. मी हसलो नाही. "आहे," मी म्हणालो. "मी तिथला आहे. माझं नाव पार्दो. मेच्या शेवटच्या आठवड्यात या. हॉटेल नाही, माझ्या बहिणीची वरची खोली आहे, चादरी स्वच्छ असतील, आणि तुमच्या मिस्टरांना सांगा, डुकराचं मांस तिखट असतं, लहानसा घास घ्या." फेदेरिका माझ्याकडे बघतच राहिली. "आणि नेपल्स?" बाई म्हणाल्या. मी म्हणालो, "नेपल्सही चांगलं आहे. पण मी तिथला नाही." हे बोलून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की जेवणाच्या सुट्टीत मी विनाकारण ट्रॅमचे तीन थांबे पायी चालून आलो.

तेर्मोलीला आगगाडीतून उतरलो तेव्हा हातात सहा खोकी. बसवाल्याने विचारलं, "काय आहे रे यात? अंडी?" म्हटलं, "फुलं." "कुठला नंबर?" "चौदा." त्याने उठून स्वतः खोकी वर चढवली. घाट चढताना दोन्ही बाजूंना गव्हात पिवळी धग उतरायला लागली होती, आणि मला, जन्म गेला दुसऱ्यांचे डोंगर विकण्यात, तोंड बंद करून बघत बसावंसं वाटलं. असं वाटलं की हे सगळं आपण कुणाला न सांगता एवढी वर्षं दाबून ठेवलं, चोरासारखं. घराच्या अंगणात ताता खुर्चीवर होते, पाय स्टुलावर, डोळ्यांत मोतीबिंदू दुधासारखा. मी वाकलो, त्यांनी गाल पुढे केला. "पाऊस आहे का तिकडे?" म्हणाले. "नाही, ताता." बाजूला एर्मेलिंदा मावशी बसलेली, तेरा नंबरच्या घरची, म्हणजे चाळीस वर्षं आमच्या गाडीच्या पुढे चालून मान मागे वळवून नाक मुरडणारी. तिला बोलावलं कुणी, देव जाणे. लिबेराने पहिलं खोकं उघडलं आणि तिचा चेहरा पडला. "अरे देवा," ती हळूच म्हणाली. मावशीने हात घालून एक फूल काढलं, उन्हात धरलं. "मिकेले, हा छापील आहे! चिकणा कागद! त्यावर घरं आहेत, होडी आहे! ही तर दुकानातली आणलीत की हो पोराने!"

मी उभा होतो. सांगता आलं असतं, वाफेचं, तळव्यांचं, अंगठ्याच्या घट्ट्याचं. पण बोलता येईना. दुकानदार असतो तर बोललो असतो. दिवसभर तेच तर करत आलो होतो. तातांनी हात पुढे केला. "इकडे दे," ते म्हणाले. मावशीने फूल त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी ते बघितलं नाही, बघून दिसणारही नव्हतं. त्यांनी ते पालथं घातलं आणि बुडाशी, जिथे सगळ्या पाकळ्या एकत्र येतात तिथे, अंगठा नेला. अंगठा थोडा उजवीकडे फिरला, थांबला, मग डावीकडे फिरला आणि खाचेत बसला. तसाच राहिला.  मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "दुसरं." लिबेराने दुसरं दिलं. "दुसऱ्या खोक्यातलं." तिने दिलं. त्यांनी एकामागून एक सोळा-सतरा फुलं चाचपली, प्रत्येक खोक्यातली, तळातली सुद्धा. घासाघीस करणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा घट्ट होता. शेवटचं फूल त्यांनी मांडीवर ठेवलं आणि माझा हात ओढला, अंगठ्यावरचा घट्टा दाबून बघितला. "एर्मेलिंदा," ते म्हणाले, "तुझ्या डोळ्यांना माझ्यापेक्षा जास्त मोतीबिंदू झालाय. ही डावी मुरड आहे. ही माझ्या घरची फुलं आहेत." आणि मग मला, अकरा वर्षांनी हवामान सोडून पहिला प्रश्न, "यावर चित्र कसलं आहे रे?" मी म्हणालो, "व्हेनिस, ताता." त्यांनी जरा विचार केला. "व्हेनिस मागच्या कमानीला बांध. पुढे काय लावणार?" "पुढे लाल आहे. फ्लॉरेन्सच्या छपरांचं." "चालेल," ते म्हणाले. "लिबेरा, याला पराणी दे. माळ्यावर आहे, माझ्या टोपीशेजारी." लिबेरा रडत होती आणि मावशीला कॉफी हवी का विचारत होती, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. बैल लिबेराच्या दिराचे, थोरल्या बैलाचं नाव पलुम्मो, त्याला माझा वास नवा होता, पण पराणी ओळखीची. चौदा नंबरच्या गाडीवर ऊन पडलं की चोळलेल्या कागदातूनही कुठे कुठे जुनी चमक मारायची, आणि दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना कोपराने ढोसायचे. एकाने ओरडून विचारलं, "पार्दू, पावसात टिकेल का ते?" मी म्हणालो, "व्हेनिस जन्मभर पाण्यातच आहे!" हशा झाला. माझ्या बाजूने झालेला हशा मी किती वर्षांनी ऐकत होतो. गर्दीत सिन्योरा गालिंबेर्ती दिसल्या, नवऱ्याला धरून उभ्या, बोटाने गाडीकडे दाखवत. त्यांना बहुधा आपण पाहून झालेल्या जागा एकेक करून ओळखू येत होत्या. मी टोपीला हात लावला, पण थांबलो नाही. चौकात चर्चच्या पायऱ्यांपाशी तातांची खुर्ची आणून ठेवली होती. घंटावाला आडवा आला. हा त्या जुन्या घंटावाल्याचा मुलगा, माझ्याच वर्गातला, शाळेत माझ्याच पाटीवरून गणितं उतरवायचा. तोंड गंभीर ठेवून म्हणाला, "कुणाची गाडी?" तीस वर्षं लोक मला हेच विचारत आले होते, कुठले तुम्ही, आणि मी त्यांना दुसऱ्याचं गाव सांगत आलो होतो.  मग मी श्वास भरला. "पार्दो द'आलोइसिओ! मिकेलेचा मुलगा! मोंतेपार्दोचा!" पलुम्मोने दचकून मान झटकली, पुढच्या कमानीवरून दोन फुलं खाली पडली, बेकरीच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. घंटावाला बाजूला झाला. पायऱ्यांजवळून जाताना तातांनी काठीने माझ्या पोटरीला हलकंच टोचलं.

"एवढं ओरडतोस कशाला?" ते म्हणाले. "ऐकलं सगळ्यांनी. चल, मागचे खोळंबलेत."